डावा शिखर, उजवा मृगशीर्ष

७ सप्टेंबर

आज विहाराच्या कमिटीपुढं उभी राहून बोलले.  

मागणी साधी होती. शनिवार-रविवार संध्याकाळी विहाराचा हॉल रिकामा असतो. तिथं मला वस्तीतल्या मुलींना भरतनाट्यम शिकवू द्या. फी घेणार नाही, झाडलोट मीच करीन.

पंढरीकाका कमिटीचे अध्यक्ष. ते म्हणाले, "पोरी, तुझ्याबद्दल काही न्हाई. पन हा नाच देवळातला. त्यात किस्न आला, शंकर आला. आपल्या बापजाद्यांनी ते सगळं सोडलं, अन् तू पुन्हा पोरींच्या पायात बांधायलीस?"

मी म्हणाले, "काका, पायात मी घुंगरू बांधते. देव न्हाई बांधत."

दोघं-तिघं हसले. पंढरीकाका हसले नाहीत. शेवटी ठरलं ते असं, की डिसेंबरात लातूरला माझी विशारदची परीक्षा आहे, ती आधी पास व्हावी, मग बघू. 'मग बघू' म्हणजे 'नाही', एवढं मला कळतं. पण मी तो होकार धरून चालणार आहे.

बाबाही कमिटीत आहेत. सगळा वेळ पंख्याकडं बघत बसले. माझ्या बाजूनं एक शब्द नाही. विरोधातही नाही.

११ सप्टेंबर

नोकरी विष्णुपुरीच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, त्यामुळं सकाळचा टमटमचा वेळ मोकळा मिळतो. त्यात एका हाताच्या मुद्रा घोकते. पताक, त्रिपताक, अर्धपताक, कर्तरीमुख… पूर्ण अठ्ठावीस, आणि प्रत्येकीचे विनियोग, म्हणजे कुठं कुठं वापर करायचा ते. एकच हात डोक्याच्या वर नेला तर ढग, खाली आणून हलवला तर नदी. हात तोच, नजर आणि जागा बदलली की अर्थ बदलतो. मला या नाचातलं सगळ्यात जास्त हेच आवडतं.

आज कर्तरीमुख करत होते. तर्जनी आणि मधलं बोट कात्रीसारखं फाकवायचं, म्हणजे ताटातूट झालेली दोन माणसं. शेजारच्या बाईनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बोटं आखडायलेत का गं? एरंडेल चोळत जा."

हसू दाबत पुलापर्यंत आले.

घरी आले तेव्हा बाबा टीव्ही बघत होते. मी पाटावर काठीचा ताल धरला, पाय मारायला सुरुवात केली, तसे ते उठले आणि चप्पल घालून बाहेर गेले. रोजचंच आहे. लांब जात नाहीत, खिडकीखाली शेजाऱ्यांच्या मोटरसायकलवर बसून राहतात. धरणावर गेटमन म्हणून सगळी नोकरी त्या पाण्याच्या आवाजात काढली, आणि माझ्या पायांचा आवाज सहन होत नाही. नंतर आत येऊन म्हणाले, "शेवटी शेवटी घाई करायलीस." टोमणा मारायची संधी सोडत नाहीत.

२१ सप्टेंबर

शिवकांताताईंकडं क्लास. गेली बारा वर्षं मी त्यांच्या घरी जाते. उदगीरच्या लिंगायत व्यापाऱ्यांची मुलगी, लग्न होऊन नांदेडला आल्या. मला पहिल्या दिवसापासून पोटच्या पोरीसारखं धरलं. त्यांच्या स्वयंपाकघरात मी ओट्यावर बसून जेवले आहे. हे लिहिते, कारण आजच्या गोष्टीचा मला नीट अर्थ लागत नाहीये.

अभ्यासक्रमाची उजळणी चालली होती. मी आणि मंजुश्री, आम्ही दोघीच परीक्षेला आहोत. एका हाताच्या मुद्रा झाल्या, त्या जोडून होणारे देवांचे हात झाले, नात्यांचे झाले. नवरा, सासू, दीर. मग ताईंनी पान उलटलं आणि म्हणाल्या, "पुढचं तुम्ही घरी बघून घ्या." आणि उठून ताक आणायला गेल्या.

पुढचं म्हणजे जातीचे हात.

२२ सप्टेंबर

बघून घेतलं.

आरशासमोर उभी राहिले. दोन्ही हातांनी शिखर, म्हणजे मूठ वळून अंगठा वर, आणि उजवा हात जानवं दाखवल्यासारखा हलवायचा. हा ब्राह्मण. डावा शिखर तसाच आणि उजवा पताक, हा क्षत्रिय. डावा हंसास्य, उजवा कटकामुख, हा वैश्य. मग डावा शिखर, उजवा मृगशीर्ष. हा शूद्र.

मृगशीर्ष म्हणजे अंगठा आणि करंगळी ताठ, बाकीची बोटं पुढं झुकलेली. हरणाचं डोकं. किती वेळा केलाय मी हा हात. बायकांचं बोलणं, गाल, रांगोळी, पाय चेपणं, सगळं यात येतं. आज पहिल्यांदा तो माझ्या हातावर परका वाटला.

चौथ्यानंतर फक्त एवढंच आहे, की बाकीच्यांना त्यांच्या त्यांच्या कामावरून दाखवावं.

मी हात तसेच धरून उभी होते. आई आत आली. "हे काय गं?" मी म्हणाले, "हरीण." आई म्हणाली, "लई छान," आणि पापड वाळत घालायला निघून गेली.

आईशी खोटं बोलले. खरं तर खोटंही नव्हतं.

२ ऑक्टोबर

विजयादशमी. विहारात सकाळपासून गर्दी, पांढऱ्या साड्या, खीर. नायगावहून आत्या आली होती. मला जवळ घेऊन सगळ्यांना सांगत सुटली, "आमची विशाखा लातूरला नाचाची मोठी परीक्षा देणार हाय." पंढरीकाकांनी ऐकलं आणि खिरीच्या पातेल्यात बघत राहिले.

मी वंदनेला बसले. बुद्धाच्या मूर्तीचा उजवा हात वर, तळवा समोर. पताकच तो. भिऊ नको म्हणणारा. मला त्या हाताकडं बघून धीर यायला हवा होता. आला नाही. मनात एकच चाललं होतं. दहा मार्कांचा प्रश्न आहे. चार हात, अर्धा मिनिट. केले आणि विसरले, तर कुणाला कळणार आहे?

मला कळणार आहे. हाच घोळ आहे.

१२ ऑक्टोबर

मंजुश्रीशी बोलले. ती म्हणाली, "अगं, पाठांतर आहे. राक्षसाचा हात करतो तेव्हा आपण राक्षस होतो का?"  मग ती सहज म्हणाली, "मागच्या बॅचला ताईंनी स्वतः उभं राहून शिकवले होते. माझी मावसबहीण होती त्यात. आपल्यालाच का घरी बघा म्हणाल्या, काय माहीत."

मला माहीत आहे. माझ्यामुळं. बारा वर्षं ओट्यावर बसवलं, आणि ते पान आलं तेव्हा त्यांना आठवलं मी कोण आहे ते.

१४ ऑक्टोबर

राहवलं नाही. क्लास नसताना गेले. ताई भाकरी थापत होत्या. मी दारातूनच विचारलं, "ताई, तुम्ही मला ते हात कामून शिकवले न्हाई?"

तव्यावरची भाकरी उलटायची राहिली.

"तुझ्यासमोर करवेना मला," त्या म्हणाल्या.

"मागच्या बॅचसमोर करवले."

"हाव. करवले. तेव्हा काही वाटलं न्हाई." त्यांनी गॅस बंद केला. "भिंतीवर बसवण्णांचा फोटो लावलाय, रोज त्याला हात जोडते. जात मानू नको म्हणणाऱ्याला. अन् त्याच फोटोखाली उभं राहून पोरींना चार जातींचे हात शिकवत होते. तू समोर उभी राहिलीस तेव्हा ध्यानात आलं."

"म्हणजे मला वाईट वाटू नये म्हणून?"

"न्हाई. मला वाटू नये म्हणून."

मला अजून राग आहे. पण आता कुणावर धरायचा ते कळेना. निघताना म्हणाल्या, "परीक्षक विचारणार न्हाईत कदाचित. मी बोलून बघू का कुणाशी?" मी म्हणाले, "बोलू नका. माझ्यासाठी वेगळा पेपर नको." तेवढं मात्र नीट बोलले.

९ नोव्हेंबर

बरेच दिवस लिहिलं नाही. सराव, नोकरी, सराव. पदम् बसलं आहे. सखी कृष्णाची वाट बघते ते. मला ते पद फार आवडतं. हे इथं लिहिते, कमिटीत बोलणार नाही. वाट बघणं कुणाच्या मालकीचं नसतं.

आज बाबांना सांगितलं. सांगायचं नव्हतं. जेवताना त्यांनीच विचारलं, "पंधरा दिवस झाले, तू सगळं करतीस अन् शेवटाला उगं उभी राहतीस. पाय वाजत न्हाईत, काही न्हाई. तिथं काय हाय?"

त्यांना हे कसं कळलं, मला समजलं नाही. आईनं सांगितलं असेल.

मग सगळं सांगितलं. हात करून दाखवले. आई जेवायची थांबली. मला वाटलं, बाबा आता म्हणतील, मी सांगत होतो की नाही, हा नाचच तसला. म्हणाले नाहीत. चौथा हात झाल्यावर विचारलं, "अन् आपला?"

"बाकीचे कामावरून दाखवायचे."

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. पणजोबांचं काम गावात मेलेली जनावरं ओढून नेण्याचं होतं. ते आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही.

"विचारलं तर काय करशील?"

"ठरलं न्हाई अजून."

"ठरव," बाबा म्हणाले. "तिथं उभं राहून ठरवू नको. पानी चढल्यावर गेट उघडू का नको, असा इचार करायचा नसतो. आधी करून ठेवायचा."

"तुम्हाला काय वाटतं?"

"परीक्षा तुझी हाय." आणि हात धुवायला उठले.

१० नोव्हेंबर

ठरलं. लिहून ठेवते म्हणजे पळता येणार नाही. विचारलं तर करणार नाही. आणि येत नाही असंही म्हणणार नाही.

नापास झाले तर हॉल जाईल. हेही लिहून ठेवते.

१५ डिसेंबर

काल लातूर झालं. आज रजा टाकली आहे. सगळं क्रमानं लिहिते.

पहाटेची एसटी धरली. ताई, मंजुश्री आणि मी. लोहा, अहमदपूर. ताई खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून होत्या. झोपल्या नव्हत्या, हातातला रुमाल पिळत होत्या. मला वाटलं, माझ्यामुळं त्यांचं नाव खराब होईल ही भीती असणार. वाटलं ते वाटलं. सांगून ठेवलं होतं मी त्यांना काय ठरवलंय ते. त्या फक्त 'बरं' म्हणाल्या होत्या.

केंद्र एका शाळेच्या हॉलमध्ये. परीक्षक बाई बाहेरगावच्या, पांढरे केस, घट्ट अंबाडा, चष्मा नाकावर. समोर टेबल. बाजूला ताई झांजा घेऊन, मागं भिंतीला टेकून बाकीच्या क्लासच्या मुली.

आधी मंजुश्री. बाईंनी तिला चार वर्णांचे हात विचारले. तिनं केले, अगदी स्वच्छ. तिसऱ्यावर माझ्याकडं बघितलं आणि नजर काढून घेतली.

मग मी. नाच छान झाला. पदम् तर इतकं छान झालं की मी परीक्षा विसरले. मग बाई म्हणाल्या, "वर्णांचे हात."

मी हात कमरेवर ठेवून उभी राहिले.

"येत नाहीत?"

"येतात."

"मग?"

"करणार नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हे अभ्यासक्रमात आहे. मी घातलेलं नाही."

"माहीत आहे. मार्क कापा. बाकी काहीही विचारा."

"कारण कळेल?"

 मी म्हणाले, "बाई, चौथा हात झाला की यादी थांबते. बाकीच्यांना त्यांच्या कामावरून दाखवा म्हणतात. माझे पणजोबा मेलेली जनावरं ओढायचे. त्या कामाचा हात कसा धरायचा, तुम्ही सांगा. तो करते, म्हणजे बाकीचे चारही करते."

 

बाई ताईंकडं वळल्या. "तुम्ही शिकवलंत हे?"

ताई उभ्या राहिल्या. झांजा हातातच. "हात मी शिकवले नाहीत. शिकवायला हवे होते का, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण ही माझी विद्यार्थिनी आहे."

बाईंनी कागदावर काहीतरी खोडलं. मग जे सुरू केलं ते थांबेनाच. मयूरचे सगळे विनियोग सांग. अराल आणि शुकतुंडातला फरक दाखव. पद्मकोशातून अलपद्माकडं जा, सावकाश, आणखी सावकाश. भ्रमर उलट्या हातानं. संदंशानं मोती ओव. मंजुश्रीला दहा मिनिटं घेतली होती, मला किती घेतली कुणास ठाऊक. घामानं काजळ गळ्यापर्यंत आलं. एकही चुकला नाही. पण मनातून ठरवलं, की बाईंना माझा राग आला आहे आणि त्या माझी कुठं ना कुठं चूक शोधतायत. शेवटी "बस," म्हणाल्या आणि भराभर लिहीत बसल्या. वर बघितलं नाही.

परतीच्या एसटीत ताईंनी डब्यातली धपाटी काढली. मंजुश्री रडली. "मी केले गं," म्हणाली. मी म्हणाले, "तुझी परीक्षा तुझी." हे बाबांचं वाक्य आहे, हे नंतर लक्षात आलं.

९ जानेवारी

निकाल. पास. प्रथम श्रेणी गेली, थोडक्यात गेली. त्या प्रश्नाला शून्य आहे. मजा म्हणजे एका हाताच्या मुद्रांना पैकीच्या पैकी. चिडलेल्या बाईंनी एवढे कसे दिले, ते कळत नाही. चूक सापडली नसेल.

आईनं शिरा केला. बाबा म्हणाले, "पास ना? मग झालं," आणि बाहेर जाऊन मोटरसायकलवर बसले. आज तर मी सरावही करत नव्हते.

१३ जानेवारी

हे अपेक्षित नव्हतं. लातूरची गोष्ट वस्तीत पोचली आहे. कशी पोचली कोण जाणे, मी सांगितली नाही. संध्याकाळी पंढरीकाका घरी आले, पेढे घेऊन. डोळ्यात पाणी होतं, खोटं नाही. "पोरी, तू तिथं उभी राहून न्हाई म्हणालीस. आमची छाती फुगली." सव्वीस जानेवारीला विहारात माझा सत्कार करायचं ठरलंय. शाल, ग्रंथ, मोठा फ्लेक्स. फ्लेक्सचा फोटो मोबाइलवर दाखवला. माझाच फोटो, गॅदरिंगमधला, पूर्ण वेशात, एक पाय वर.

मी विचारलं, "काका, अन् हॉल?"

"त्याचं बघू. हे आधी होऊ दे."

१८ जानेवारी

कमिटी. पुन्हा उभी राहिले. 

म्हणाले, "सत्कार नको. हॉल द्या."

पंढरीकाकांना लागलं. "मान द्यायलोत तर लाथाडतीस? तू त्यांचं नाकारलंस म्हणून तर आम्ही—"

"मी चार हात नाकारले, काका. नाच न्हाई नाकारला. तो मी बारा वर्षं शिकले. तुम्हाला मी नाही म्हटलेलं तेवढं आवडलं, अन् जे केलं ते नको."

एकदम बरेच जण बोलायला लागले. मग बाबा बोलले. कमिटीत ते कधी बोलल्याचं मला आठवत नाही. बसूनच, मोठ्यानं न बोलता.

"पंढरी, फ्लेक्सवर तू तिचा नाचतानाचा फोटो टाकलास. अन् हॉलमंदी नाचू देत न्हाईस. दोनातलं एक कायतरी धर. फोटो तरी काढ, न्हाईतर दार तरी उघड."

पंढरीकाकांनी मोबाइलमधला तो फ्लेक्स पुन्हा उघडून बघितला.

शनिवार-रविवार, पाच ते सात. तीन महिने बघू म्हणाले. मी घेतलं.

२४ जानेवारी

पहिला वर्ग. सतरंजी गोळा करून फरशी पुसली, मूर्तीपुढं मेणबत्ती लावली. येतील म्हणाल्या होत्या त्यापेक्षा जास्त मुली आल्या. काहींच्या आया भिंतीला टेकून बसल्या. शिवकांताताईही आल्या, चपला बाहेर काढून, आणि आयांच्या ओळीत सगळ्यात शेवटी बसल्या. मी पुढं बोलावलं तर मान हलवून नको म्हणाल्या.

पताक घेतला. चारी बोटं जुळवून ताठ, अंगठा वाकवून आत. म्हणाले, हा हात कशाकशाचा असेल, सांगा. एक म्हणाली दार. एक म्हणाली थापड. नऊ-दहा वर्षांची एक पुढं येऊन हात ताठ करून म्हणाली, "एस्टी थांबवायचा!" आया हसल्या. मी म्हणाले, हाव, चालेल, तोही धरू.

सात वाजले तेव्हा पंढरीकाका कुलूप घेऊन दारात उभे होते. नेमकी तेव्हाच पुढच्या ओळीतली एक मोठी मुलगी, बुद्धप्रिया तिचं नाव, म्हणाली, "ताई, तू लातूरला केले न्हाई ते हात कोणते? दाखव ना."

शिवकांताताईंनी माझ्याकडं बघितलं. पंढरीकाकांनीही.

पान उलटून पुढं जाणं सोपं होतं. पण मग यांना कुणीतरी दुसऱ्यानं, दुसऱ्या कुठल्या तरी आरशासमोर दाखवलं असतं, आणि मी जवळ नसते.

मी दाखवले. चारही. प्रत्येकाचं नाव घेतलं. कुणी लिहिले, कशासाठी, कुणाला कुठं ठेवलं, जमेल तसं सांगितलं. पुढं म्हणाले, "परीक्षेत विचारतात. करायचे की नाही ते तुम्ही मोठ्या झाल्यावर ठरवा. पण माहीत असलेलं बरं."

बुद्धप्रियानं डावी मूठ वळली, उजव्या हाताचं हरीण केलं, उलटसुलट करून बघितलं. "मग यात आपला कोणता?"

"कुठलाच न्हाई."

तिनं हात तसेच धरून ठेवले. बाकीच्यांचे हातही तसेच अधांतरी.

"सोडा ते," मी म्हणाले. "पुन्हा पताक धरा. आता करंगळीशेजारचं बोट तेवढं वाकवा. बाकीची ताठ. हा त्रिपताक. झाड, वीज, दिव्याची ज्योत. चला, दिवा लावा."

सगळ्यांनी लावले. काहींचे वाकडे, काहींचे भलत्याच बोटाचे. मी ओळीतून फिरत एकेकीचं बोट सरळ करत होते. दाराकडं बघितलं. सात कधीच वाजून गेले होते.

"काका, पाच मिनिटं," मी म्हणाले.

पंढरीकाकांनी कुलूप खिशात टाकलं आणि पायरीवर बसले. "घाई नको करू," म्हणाले, "अजून त्या कोपऱ्यातलीचं बोट वाकलेलं न्हाई."